चिंध्यांची बाहुली उकिडवी का बसू शकत नाही?

संगणकीय खेळात गोळी लागलेले पात्र जिन्यावरून कोसळते. पहिल्या पायरीवर खांदा आपटतो, मान मागे कलते, हात कठड्यात अडकून सुटतो आणि देह तळाशी वेडावाकडा पडून राहतो. हे कोसळणे कोणा चित्रकाराने आधी रेखाटून ठेवलेले नसते. पात्राचा प्राण गेला त्या क्षणी त्याच्या सांगाड्याचा ताबा चित्रकाराकडून गणिताकडे गेलेला असतो. या तंत्राला रॅगडॉल म्हणतात. शब्दशः चिंध्यांची बाहुली. तिचा इतिहास बहुधा वेगवान होत गेलेल्या प्रोसेसरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या धाग्यात तो सांध्यांच्या बाजूने मांडला आहे. बाहुलीचा देह कोणाचा, हे सांध्यांत ठरते. आणि तेथे घेतलेले निर्णय सहसा कोणी उघडून पाहत नाही. धागा लांब आहे.

बाहुली म्हटले की मराठी वाचकाला आधी कळसूत्री बाहुली आठवते. ज्ञानेश्वरीत तिच्यासाठी सायखडे हा शब्द येतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत ती आजही नाचवतात. तिचा प्रत्येक सांधा दोरीच्या दुसऱ्या टोकावरील बोटांना उत्तर देतो. संगणकीय ॲनिमेशनची नेहमीची रीतही हीच. पात्राच्या कातडीखाली हाडांचा सांगाडा बसवायचा, ज्याला रिगिंग म्हणतात, आणि कोणत्या क्षणी कोणते हाड कोठे असेल हे ॲनिमेटरने ठरवायचे. रॅगडॉलमध्ये दोऱ्या तुटतात. उरतात फक्त हाडे, त्यांची वजने आणि त्यांना जोडणारे सांधे.

दोऱ्या तुटण्यापूर्वी मृत्यू फार ठरीव होता. १९९३ च्या ‘डूम’मध्ये शत्रूचे मरण म्हणजे चित्रांची एक छोटी मालिका. शंभरावा शत्रू पहिल्यासारखाच मरे. पात्रे त्रिमित झाल्यावर मरणाच्या हालचाली अधिक लवचिक दिसू लागल्या, तरी त्या आधी नोंदवलेल्याच होत्या. १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्ये गोळी कोठे लागली त्यानुसार वेगळी प्रतिक्रिया मिळे, ही त्या काळची मोठी सुधारणा. पण कड्यावर मेलेल्या पात्राचे अर्धे शरीर हवेत सरळ आडवे तरंगत राही, कारण खाली जमीन नाही हे त्या नोंदवलेल्या हालचालीला ठाऊकच नसे.

पहिलेपणाचा मान अनेकदा १९९८ च्या ‘ट्रेसपासर’ला दिला जातो. ‘ज्युरासिक पार्क’च्या कथाविश्वात घडणाऱ्या या खेळाचे नेतृत्व शेमस ब्लॅकली यांच्याकडे होते, तेच पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या जन्मदात्यांपैकी एक झाले. त्यातील डायनोसॉर आधी रेखाटलेल्या हालचालींवर नव्हे, चालू क्षणी केलेल्या गणितावर चालत. ते झिंगल्यासारखे झोकांड्या खात आणि खेळ बाजारात साफ पडला. तरीही मरून पडलेला डायनोसॉर उतारावर उताराप्रमाणे पडे, हे पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले.

खरा पाया दोन वर्षांनी कोपनहेगनमध्ये पडला. आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीच्या ‘हिटमॅन : कोडनेम ४७’ (२०००) या खेळाचा नायक भाडोत्री मारेकरी. मारलेल्या माणसाचा देह पहारेकऱ्यांच्या नजरेआड ओढून नेणे हा त्या खेळाचाच भाग होता. म्हणजे येथे प्रेत ही शोभेची वस्तू नव्हती, कामाची वस्तू होती. पाय धरून ओढल्यावर ते कोपऱ्यावर अडकले पाहिजे, हात मागे फरफटले पाहिजेत. ही गरज थॉमस जेकबसेन यांनी भागवली आणि २००१ मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. रॅगडॉलच्या इतिहासात इतका वाचला गेलेला दुसरा निबंध क्वचितच असेल.

त्यांची युक्ती साधी होती. देह म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या ताठ काठ्या. प्रत्येक बिंदूचा वेग वेगळा साठवायचा नाही; आताचे स्थान आणि मागील क्षणाचे स्थान एवढेच जवळ ठेवायचे आणि त्यांच्या फरकातून पुढचे स्थान काढायचे. ही रीत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९६७ मध्ये आर्गॉनच्या ८६४ कणांची हालचाल संगणकावर मांडताना वापरली होती. त्यांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, नॉर्वेचे कार्ल स्टर्मर यांनी ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करताना विद्युतभारित कणांचे मार्ग याच रीतीने काढले होते. ध्रुवीय प्रकाशापासून भाडोत्री मारेकऱ्यापर्यंतचा हा प्रवास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

बिंदू सरकले की काठ्यांची लांबी बिघडते. मग प्रत्येक काठी पुन्हा योग्य लांबीची करायची. एक दुरुस्त केली की शेजारची थोडी बिघडते, म्हणून हा फेरा अनेकदा फिरवायचा. वेळ असेल तर जास्त फेरे, नसेल तर कमी. फेरे कमी पडले तर देह जरा सैल दिसतो, इतकेच. जेकबसेन यांनी स्पष्टच मांडले होते की खेळात अचूकतेपेक्षा पटण्याजोगे दिसणे आणि वेग महत्त्वाचा. याच निबंधात एक बारीक गोष्ट आहे आणि या धाग्याच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. काठ्या-बिंदूंच्या देहाला आपले गुडघे एकमेकांतून आरपार जाऊ नयेत हे ठाऊक नसते. म्हणून दोन गुडघ्यांतील अंतर ठरावीक मापाहून कमी होता कामा नये, असे एक बंधन वेगळे घालावे लागते. देहाला माणसाचा आकार आला तो अशा मनाईंमुळे.

सांधा म्हणजे मुळात मनाईंची यादी असते. शाळेच्या पुस्तकात खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे, असे शिकवले जाते. रॅगडॉलचे रिगिंग करणाराही तीच विभागणी करतो, पण त्याला प्रत्येक सांध्यासाठी आकडे भरावे लागतात : हाड पुढे किती अंश, मागे किती, बाजूला किती, स्वतःभोवती पीळ किती. उखळीच्या सांध्याची मुभा एका शंकूत बसवतात. हाडाचे टोक त्या शंकूच्या बाहेर जाता कामा नये. त्याच सांध्याच्या दोन दिशा शून्यावर बांधल्या की तो बिजागरीचा होतो. मर्यादा न घातलेला सांधा सर्वांत मोकळा असतो आणि सर्वांत अमानुष दिसतो. मान पाठीत शिरते, गुडघा पुढच्या बाजूला मोडतो.

बाकीचे काम गवंड्याच्या कामासारखे आहे, दिसत नाही पण चुकले की घर हलते. सांध्याचा अक्ष हाडाच्या अक्षाशी जुळला नाही तर कोपर आडवे वाकते. जड धड हलक्या मनगटाला लोंबकळत ठेवले तर गणित डगमगते आणि देह थरथरू लागतो. मांडी आणि पोट यांभोवती गुंडाळलेल्या अदृश्य कॅप्सूल एकमेकांत रुतल्या तर दोन्ही एकमेकांना ढकलत राहतात आणि प्रेत जमिनीवर ताप भरल्यासारखे कापत पडते. खेळाच्या शेवटी येणाऱ्या नामावळीत भौतिकी इंजिनाचे बोधचिन्ह हमखास असते. हे आकडे भरणाऱ्याला तेथे स्वतंत्र ओळ अभावानेच मिळते.

ही गवंडीकामाची कटकट टाळण्यासाठी तयार साधने आली. यूनिटी हे खेळनिर्मितीचे इंजिनही मूळचे कोपनहेगनचेच, २००५ मध्ये बाजारात आलेले. त्यात रॅगडॉल बनवणारा एक विझार्ड आहे. कंबर, खुबे, गुडघे, पावले, दंड, कोपरे, पाठीचा मध्य आणि डोके अशी १३ हाडे दाखवली की तो ११ भागांची बाहुली तयार करून देतो. इंजिनाचा बराचसा कोड २०१८ पासून वाचनासाठी खुला असल्याने हे आकडे कोणालाही पाहता येतात. बाहुलीचे एकूण वजन, न बदलल्यास, २० किलो. म्हणजे पहिलीत जाणाऱ्या मुलाचे. त्यातून डोक्याला १.२५ किलो आणि कोपरापुढच्या हातालाही तितकेच. मांडी १.८७५ किलो आणि पोटरीही १.८७५ किलो. खऱ्या माणसाची मांडी पोटरीच्या दुपटीहून जड असते. पण शेजारच्या भागांची वजने सारखी असली की गणित शांत राहते, म्हणून ही सोय. कोपर ९० अंश वाकते. गुडघा ८० अंश.

निरोगी माणसाचा गुडघा साधारण १३५ ते १५० अंश वाकतो. खुर्चीवर नीट बसायलाही ९० लागतात. आणि पावलांचे काय? विझार्ड पावलाचे हाड विचारतो खरे. घोट्याला सांधा मिळतच नाही. पाऊल पोटरीला कायमचे डकवलेले राहते.

आता या बाहुलीला उकिडवे बसवून पाहावे. बसता येत नाही. मांडी घालून पाटावर बसता येत नाही, वज्रासन नाही, कोल्हापूरच्या तालमीतली एक बैठक नाही, चुलीपुढे बसून भाकरी थापणे नाही. पृथ्वीवरील माणसांचा मोठा भाग दिवसातून कित्येकदा ज्या अवस्थांत असतो, त्या या देहाच्या मनाईच्या यादीत आहेत.

हे कोणा कोपनहेगनकराचे कारस्थान मानणे पोरकटपणाचे होईल. पण मोजलेल्या देहाचाही एक इतिहास आहे आणि तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १८८९ मध्ये लायपझिग येथे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी गोठवलेल्या मृतदेहांवरून मानवी देहाचा आणि त्याच्या भागांचा गुरुत्वमध्य शोधला. हेतू अभ्यासाच्या शीर्षकातच होता : जर्मन पायदळ सैनिकाच्या अंगावरील सामानाची मांडणी. १९५५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विल्फ्रिड डेम्प्स्टर यांनी अमेरिकी हवाई दलासाठी पन्नाशी ओलांडलेल्या ८ पुरुषांच्या मृतदेहांचे भाग करून त्यांची वजने घेतली आणि जिवंत माणसांच्या सांध्यांच्या हालचालीही मोजल्या. जैवयांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत पुढे दशकानुदशके जी कोष्टके छापली गेली त्यांचा मोठा आधार हा अहवाल. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ होतो, ‘बसलेल्या चालकाला लागणारी जागा’. बसलेला, म्हणजे अर्थातच आसनावर बसलेला. बोइंग कंपनीत विल्यम फेटर यांनी १९६० च्या दशकात संगणकाकडून रेखाटून घेतलेली मानवाकृतीही वैमानिकाच्या कक्षाची मापे तपासण्यासाठीच होती. १९९५ मध्ये जेसिका हॉजिन्स आणि सहकाऱ्यांनी धावणारी, सायकल चालवणारी, उडी मारणारी संगणकीय माणसे घडवली. त्यांच्या अवयवांची घनताही मृतदेहांवरील मोजमापांतून घेतलेली होती. पडद्यावरील खोट्या देहामागे खरे मृतदेह आहेत, आणि त्यांची निवड कधी सैन्याने केली, कधी विमानाच्या खुर्चीने.

यूनिटीच्या विझार्डमधील ८० अंश हा आकडा अर्थात कोणत्याच मृतदेहावरून मोजलेला दिसत नाही. तो देह कोसळताना नीटस दिसावा म्हणून बांधलेला अंदाज आहे. मोजलेले कोष्टक असो वा अंदाज, दोन्हींत ‘सामान्य देह’ कोणीतरी ठरवतो आणि पुढे ते ठरवणे विसरले जाते.

या प्रकारचा विसर एका वैद्यकीय प्रसंगात फार स्पष्ट दिसला होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यापुढे प्रश्न होता की पाय गमावलेले रुग्ण बसवून दिलेला परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय वापरणे सोडून का देतात. त्या पायाचा घोटा ताठ होता आणि तो बुटात घालूनच वापरायचा होता. शेतात अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला तो निरुपयोगी. शर्मा फार शिकलेले नव्हते. पण घोटा कोणत्या दिशांना वळला पाहिजे हे त्यांनी रबर आणि लाकूड वापरून दाखवून दिले. त्यातून जयपूर फूट तयार झाला. सेठी यांना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव त्यामानाने मागे राहिले. घोट्याच्या सांध्याबाबतची मूळची मनाई शरीराची नव्हती, कारखान्याची होती.

कोणी म्हणेल, कृत्रिम पायाने माणूस जगतो. रॅगडॉल तर प्रेत आहे. प्रेताला मांडी घालून जेवायचे नसते. आक्षेप रास्त वाटतो, पण तंत्र जाणणाऱ्याला तो पटणार नाही. रॅगडॉल शून्यातून सुरू होत नाही. जिवंत पात्र ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेतून, त्याच क्षणी, ते सुरू होते. पात्र खुर्चीवर किंवा उभे असेल तर संक्रमण सहज होते. पण ओट्यावर उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याला गोळी लागली तर त्या क्षणी त्याचा गुडघा १४० अंशांत दुमडलेला आहे आणि कोष्टक म्हणते ८०. गणिताला ही चूक वाटते. ते ती एका फटक्यात दुरुस्त करू पाहते. दोन्ही पाय स्प्रिंग सुटल्यासारखे ताडकन बाहेर फेकले जातात आणि म्हातारा ओट्यावरून उडतो.

पाहणारा हसतो. तेच खरे वाईट आहे.

रॅगडॉलवर हसणे नवे नाही. ‘अनरियल टूर्नामेंट २००३’मध्ये कर्मा, ‘मॅक्स पेन २’ आणि ‘हाफ-लाइफ २’मध्ये डब्लिनच्या हॅवॉक या इंजिनांनी कोसळणारे देह घरोघरी नेले आणि लोकांनी त्यांचा विनोद केला. ‘गॅरीज मॉड’मध्ये तर असे देह हव्या त्या मुद्रेत बसवून चित्रकथा करण्याचा छंदच फोफावला. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या नॅचरलमोशन कंपनीच्या युफोरिया तंत्राने ‘जीटीए ४’मधील पात्रे पडताना हात पुढे करू लागली, तोल सावरू लागली, आणि हसणे थोडे ओशाळले. हसण्यात गैर काही नाही. पण एका प्रकारच्या बैठकीतून मरणारा माणूस प्रत्येक वेळी विदूषकासारखा उडतो आणि खुर्चीत मरणारा गंभीरपणे कलतो, तेव्हा त्या हसण्यात कोष्टकाचा पक्षपात मिसळलेला असतो. गावाकडची माणसे दाखवणारा खेळ पुण्यामुंबईच्या स्टुडिओत बनला तरी फरक पडत नाही. विझार्ड तोच उघडतो आणि मुदत जवळ आलेली असते.

इतिहासकारांनी येथे आपलाही दोष मान्य करावा. खेळांचा इतिहास लिहिणारे कथानके वाचतात, चित्रशैली वाचतात, विक्रीचे आकडे वाचतात. सांध्यांचे कोष्टक हे साधन म्हणून फारसे कोणी वाचत नाही. ‘डूम’चा कोड १९९७ मध्ये खुला झाला म्हणून त्याच्या पोटात शिरता येते, जेकबसेन यांनी निबंध लिहिला म्हणून दोन गुडघ्यांतील ते बंधन आज माहीत आहे. बहुतेक खेळांचे हे आकडे प्रकल्पाच्या फायलींत पडून राहतात आणि स्टुडिओ बंद पडला की जातात. शिलालेखातील एका अक्षराच्या वळणावरून काळ ठरवणाऱ्या विद्याशाखेला ८० आणि १४० यांतील फरकात काही वाचता येऊ नये, हे आश्चर्यच आहे. खुब्याची, गुडघ्याची, घोट्याची मर्यादा ही त्या काळाने ‘माणूस’ म्हणून काय गृहीत धरले याची नोंद आहे, आणि ती अंशांत लिहिलेली आहे.

दुरुस्ती अवघड नाही, हेही सांगितले पाहिजे. गुडघ्याची मर्यादा १४० पर्यंत वाढवली की पहिल्या प्रयत्नात बाहुली थरथरते, कारण पूर्ण दुमडल्यावर पोटरीची कॅप्सूल कमरेच्या भागात आणि मांडीची छातीच्या भागात रुतते. त्या कॅप्सूल थोड्या बारीक आणि आखूड कराव्या लागतात. खुब्याची पुढची मर्यादा ७० वरून ११० किंवा १२० वर न्यावी लागते, आणि पावलाला स्वतःचे वजन देऊन घोट्यात एक नवा सांधा बसवावा लागतो. मग उकिडवा बसलेला म्हातारा गोळी लागल्यावर उडत नाही. टाचा किंचित सरकतात, गुडघे एका अंगाला झुकतात आणि तो ओट्यावर कुशीला कलंडतो. जाणत्या रिगरचे हे एका दुपारचे काम आहे.